फुटलेल्या बोट इंजिनाला ट्रकचा ब्लॉक: नव्या बोटमालकांसाठी

कोकण किनाऱ्यावर कितीतरी ट्रॉलर अशोक लेलँडच्या सहा सिलिंडरच्या इंजिनावर चालतात. याच घराण्यातली इंजिनं घाटात ट्रक आणि बस ओढतात. त्यामुळे बोटीचा ब्लॉक (सिलिंडर ज्यात असतात ते इंजिनाचं ओतीव धड) फुटला की धक्क्यावर पहिला सल्ला मिळतो, "ट्रकचा ब्लॉक टाक, काम होईल." काम होतं, पण हा सल्ला अर्धाच आहे. ट्रकचा ब्लॉक बोटीत वर्षानुवर्षं चालतो तो एका अटीवर: समुद्राचं पाणी त्या ब्लॉकच्या आत कधीच फिरता कामा नये. या लेखातल्या बऱ्याच पायऱ्या ही अट पाळण्यासाठीच आहेत. बंदरापासून तीस-चाळीस मैल आत इंजिन बंद पडलं तर सात-आठ खलाशांचा जीव टांगणीला लागतो. म्हणून यातलं काहीही "चालतंय तर चालू दे" म्हणून सोडू नका.

इथे गृहीत धरलेलं इंजिन जुन्या धाटणीचं आहे: डिझेल, सहा सिलिंडर, यांत्रिक पंपाचं. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ हे वाहनांच्या धुराचे नियम लागू झाले. त्या काळातल्या कॉमन रेल आणि संगणकावर चालणाऱ्या इंजिनांचे ब्लॉक या कामासाठी घेऊ नका. घराणं तेच दिसलं तरी पंपाची बैठक, सेन्सरची भोकं, टाइमिंग केस असं बरंच काही बदललेलं असतं.

आधी ब्लॉक खरंच गेलाय का ते बघा

ऑइल दुधाळ झालं म्हणजे ब्लॉक फुटला, असं नाही. ऑइलमध्ये पाणी पाच वाटांनी येतं: ऑइल कूलर, एक्झॉस्टमधून उलट शिरलेलं पाणी, हेड गॅस्केट, लायनरच्या (ब्लॉकमध्ये बसणाऱ्या सिलिंडरच्या नळीच्या) खालच्या रबरी रिंगा आणि शेवटी ब्लॉकची चीर. स्वस्तापासून महागाकडे तपासत जा.

इंजिन रात्रभर थंड उभं ठेवा. सकाळी चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा) ड्रेन बोल्ट हळूच सैल करा, आधी खाली बसलेलं पाणी येईल. ते थोडं स्टीलच्या ताटलीत घेऊन आटवा. मिठाचा जाड पांढरा थर राहिला तर पाणी समुद्राचं आहे. मग, तुमच्या बोटीत समुद्राचं पाणी थेट ब्लॉकमधून फिरत नसेल तर, संशय समुद्राच्या पाण्यावर थंड होणाऱ्या ऑइल कूलरवर किंवा एक्झॉस्टमधून उलट शिरलेल्या पाण्यावर घ्या. कूलंटचा रंग दिसला तर पाणी इंजिनाच्या बंद चक्रातलं आहे, म्हणजे गॅस्केट, लायनर किंवा ब्लॉक. जिभेला लावून चव घेऊ नका, कूलंट विषारी असतं.

हेड उतरवल्यावर ब्लॉकची प्रेशर टेस्ट करून घ्या, तीही गरम पाण्यावर. काही चिरा थंड ब्लॉकमध्ये मिटलेल्या असतात आणि लोखंड तापलं की उघडतात. चीर फक्त पाण्याच्या जॅकेटच्या बाहेरच्या भिंतीला असेल तर मेटल स्टिचिंगने (चिरेवर धातूच्या पिना बसवून ती शिवण्याने) ब्लॉक वाचू शकतो, आणि चांगला कारागीर मिळत असेल तर मी तोच मार्ग आधी सुचवेन. पण चीर क्रँक धरणाऱ्या मेन बेरिंगच्या बैठकीत असेल, लायनर बसतो त्या कडेला असेल किंवा कनेक्टिंग रॉडने भिंत फोडून बाहेर मुसंडी मारली असेल, तर त्या ब्लॉकवर पैसे घालू नका.

ब्लॉक का गेला हे कळल्याशिवाय दुसरा आणू नका. बोटीचा पंखा (प्रोपेलर) जाळ्यात अडकून इंजिन तापलं होतं का, समुद्राच्या पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर फाटला होता का, एक्झॉस्टमधून पाणी सिलिंडरमध्ये येऊन पिस्टन अडला होता का, हे बघा. कारण तसंच राहिलं तर नवा ब्लॉकही त्याच वाटेने जाईल.

पावसाळी बंदीचा हिशोब

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बोटी ओढून शाकारलेल्या असतात आणि इंजिनाची मोठी कामं याच काळात निघतात. पण मशीन शॉपलाही तेव्हाच गर्दी होते. इंजिन संशयास्पद वाटत असेल तर मे महिन्यातच ब्लॉक शोधायला लागा, म्हणजे जुलैच्या मध्यापर्यंत इंजिन जोडून तयार होईल. हंगामाच्या तोंडावर घाईने जोडलेलं इंजिन पहिल्याच फेरीत मालकाला किनाऱ्यावरून टो बोट शोधायला लावतं.

ब्लॉक कसा निवडायचा

वापरलेले ब्लॉक मुंबईत कुर्ल्याच्या बाजारात आणि महामार्गांलगत ट्रक मोडणाऱ्यांकडे मिळतात. जाताना जुन्या ब्लॉकचे फोटो, त्यावर ओतकामातच उठलेला कास्टिंग नंबर आणि तुमच्या इंजिनाचं पार्ट बुक सोबत न्या. "साहेब, सेमच आहे" या शब्दावर विसंबू नका, मोजून घ्या. मॉडेलचं नाव सारखं असूनही ब्लॉक वेगळे निघतात. लेलँडच्या जुन्या ३७० आणि ४०० या इंजिनांच्या नावातला आकडा घनइंचातली क्षमता सांगतो, आणि क्षमता वेगळी म्हणजे बोअर (सिलिंडरचा व्यास) किंवा स्ट्रोक (पिस्टनची धाव) वेगळा.

बोअर, स्ट्रोक, लायनर ओला (बाहेरून थेट पाणी लागणारा) की कोरडा, मेन बेरिंगच्या बोगद्याचा व्यास आणि हेड बोल्टची मांडणी जुळायलाच हवी. पुढच्या गोष्टी मात्र नवखा माणूस हमखास विसरतो.

मागचं बेल हाउसिंग (फ्लायव्हीलवरचं आवरण) बघा. मरीन गिअरबॉक्स बसतो त्या हाउसिंगची भोकं एसएई या मानकाच्या ठरावीक मापात असतात, आणि तुमचं जुनं हाउसिंग नव्या ब्लॉकच्या पाठीवर बसलं पाहिजे. बाजूचे माउंटिंगही तपासा. ट्रकमध्ये इंजिन बहुधा पुढून आणि मागून धरलेलं असतं, बोटीत ते दोन्ही बाजूंच्या ब्रॅकेटवर बसतं. त्या ब्रॅकेटच्या जागा ब्लॉकवर ओतलेल्या आहेत का, आणि त्यांना भोकं पाडून आटे काढलेले आहेत का, हे हाताचं बोट फिरवून बघा. कधी उंचवटा असतो पण भोक नसतं. मशीन शॉप ते पाडून देईल, पण हे तिथेच बाजारात कळलेलं बरं.

तुमचं इंजिन टर्बोचं असेल तर पिस्टनच्या पोटावर ऑइल उडवणाऱ्या बारीक जेटची भोकं ब्लॉकमध्ये आहेत का ते पाहा. बिनटर्बोच्या ब्लॉकमध्ये ती नसू शकतात, आणि तसा ब्लॉक टर्बोला लावला तर पिस्टन तापून चिकटेल.

ब्लॉक ओल्या लायनरचा असेल तर लायनर काढून आतली बैठक बघा. पाण्याच्या बाजूने लायनरला सुईने टोचल्यासारखे खोल खड्डे दिसले तर त्या ट्रकने साधं नळाचं पाणी भरून वर्षं काढली आहेत. लायनर तसेही बदलायचे असतात, पण खालची रबरी रिंग बसते तिथे ब्लॉकच गंजून खाल्लेला असेल तर तो ब्लॉक सोडून द्या.

मेन बेरिंगच्या कॅप त्याच ब्लॉकच्या असाव्यात. हे ठासून सांगतो, कारण कॅपची अदलाबदल झाली की इंजिन मरतं. कॅप ब्लॉकवर चढवूनच बोगदा बोअर केलेला असतो. जुन्या ब्लॉकच्या कॅप नव्यावर घातल्या की बोगदा गोल राहत नाही आणि क्रँक घट्ट होतो किंवा बेरिंग जळतं. कॅप हरवलेला ब्लॉक फुकट मिळाला तरी घेऊ नका.

इंजिन नंबरकडेही लक्ष द्या. तो ट्रकच्या आरसी बुकात नोंदलेला असतो. विक्रेत्याकडून नंबर लिहिलेलं बिल आणि तो ट्रक आरटीओत रद्द झाल्याचा कागद मागा. नंबर घासलेला ब्लॉक कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका. तो चोरीच्या गाडीचा निघाला तर बोट जप्तीत अडकते.

मशीन शॉपमधलं काम

मुंबईच्या बाहेर चांगलं मशीनिंग हवं असेल तर कोल्हापूरला शिरोली आणि गोकुळ शिरगावला जा. तिथे ओतकाम आणि इंजिनाच्या सुट्या भागांचा मोठा धंदा आहे. जवळच्या गावात करायचं असेल तर निदान डायल गेज वापरणारा माणूस शोधा.

ब्लॉक गरम टाकीत धुऊन घ्या. त्याआधी ऑइल गॅलरीचे (ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांचे) सगळे प्लग काढायला सांगा आणि किती काढले ते लिहून ठेवा, कारण परत लावताना एखादा आतला प्लग राहिला तर ऑइल प्रेशर येतच नाही आणि इंजिन पुन्हा उघडावं लागतं. डेक, म्हणजे हेड बसतं तो माथा, सरळ पट्टी आणि फिलर गेज लावून तपासा. वाकडा असेल तर लागेल तेवढाच घासून सपाट करा. मेन बोगद्याची सरळ रेष तपासून घ्या. ओला लायनर डेकच्या वर थोडा उठलेला असतो. तो किती उठायचा हे तुमच्या मॅन्युअलमध्ये असेल, पण शेजारच्या लायनरांमधला फरक जवळपास शून्य हवा, नाहीतर गॅस्केट एका सिलिंडरवर दाबली जाते आणि शेजारच्यावर फुंकते.

ब्लॉकच्या अंगावर गोल पत्र्याच्या टोप्या ठोकलेल्या असतात, त्यांना वेल्च प्लग म्हणतात. ट्रकमध्ये त्या पोलादी असतात. त्या सगळ्या काढून पितळी बसवा. इंजिन रूमच्या खारट दमट हवेत पोलादी टोपी बाहेरून गंजत जाते आणि भर समुद्रात सगळं कूलंट ओतून देते. बेल हाउसिंगच्या मागे दडलेली टोपीही बदलायची आहे. ती नंतर बदलायची तर गिअरबॉक्स उतरवावा लागेल.

जुना क्रँक वापरणार असाल तर चीर तपासणी केल्याशिवाय घेऊ नका, विशेषतः रॉड तुटला असेल तर. ऑइल कूलर मात्र नवा घ्या किंवा पूर्ण उघडून साफ करा. फुटलेल्या इंजिनातला लोखंडाचा कीस कूलरच्या नळ्यांत अडकून बसतो आणि नव्या इंजिनाची बेरिंगं पहिल्या तासात खातो.

जुनं इंजिन उतरवणं

सुरुवातीला बॅटरी सोडवा आणि समुद्राच्या पाण्याचा सीकॉक (बोटीच्या तळाचा वॉल्व्ह) बंद करा. मग प्रत्येक पाइप, वायर आणि लिंकेजचा फोटो घ्या आणि त्यांना खुणेच्या पट्ट्या बांधा. शाफ्टचं कपलिंग सोडण्याआधी क्रँकच्या मध्यापासून बेडपर्यंतची उंची दोन्ही टोकांना मोजून लाकडावर लिहून ठेवा. नवं इंजिन याच उंचीवर बसवायचं आहे.

गिअरबॉक्ससकट इंजिन अर्ध्या टनाच्या वर जातं. चेन पुली त्या वजनाला पास असलेलीच वापरा, साखळी लिफ्टिंग आयला बांधा, आणि इंजिन लटकत असताना खाली हातही घालू नका. बोट पाण्यात डुलत असेल तर हे काम करूच नका.

जोडणी, आणि ट्रकचं काय वापरायचं नाही

ट्रकचा फक्त उघडा ब्लॉक घ्यायचा. त्यावर जुन्या मरीन इंजिनाचे भाग चढवायचे.

डिझेल पंप याचं कारण नीट दाखवतो. ट्रकच्या अनेक पंपांचा गव्हर्नर (वेगाप्रमाणे डिझेल कमीजास्त करणारी यंत्रणा) फक्त किमान आणि कमाल वेग सांभाळतो, मधला वेग ड्रायव्हरचा पाय सांभाळतो. बोटीत तांडेल (बोटीचा प्रमुख) थ्रॉटल एका जागी ठेवतो आणि लाटेवर पंखा क्षणभर पाण्याबाहेर येतो. तेव्हा भार एकदम जातो. वेग धरून ठेवणारा मरीन गव्हर्नर डिझेल लगेच तोडतो, ट्रकचा गव्हर्नर इंजिनाला कमाल वेगापर्यंत पळू देतो. म्हणून जुना मरीन पंपच टेस्ट बेंचवर कॅलिब्रेट करून वापरा. डिझेलची मात्रा मरीन रेटिंगप्रमाणे ठेवा. ट्रक घाट चढताना काही मिनिटं पूर्ण ताकद लावतो, ट्रॉलर जाळं ओढताना तासन्‌तास लावतो. पंप वाढवून जादा हॉर्सपॉवर काढून देणाऱ्या मिस्त्रीचं ऐकू नका.

चेंबर आणि ऑइल ओढणारी नळीही मरीनचीच ठेवा. बोटीत इंजिन शाफ्टच्या रेषेत मागे कललेलं असतं. ट्रकच्या चेंबरमध्ये ऑइल मागे जमेल आणि नळी पुढे हवा ओढेल. डिपस्टिकची खूणही कलामुळे चुकते. इंजिन बेडवर बसल्यावर मॅन्युअलमध्ये दिलेलं ऑइल मोजून भरा आणि मग काडीवर नवी खूण करा.

हेडचे बोल्ट नवे घ्या. ते मॅन्युअलच्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने टॉर्क पान्याने आवळा. प्रत्येक मेन कॅप आवळल्यावर क्रँक हाताने फिरवून बघा. एखादी कॅप आवळताच तो जड झाला तर तिथेच थांबा आणि शोध घ्या.

पाणी

जुन्या पद्धतीत समुद्राचं पाणी थेट ब्लॉकमधून फिरवतात. त्यात इंजिन साधारण ६० अंशांच्या खालीच ठेवावं लागतं, कारण त्याहून जास्त तापलं की पाण्यातले क्षार आत थरांनी बसतात. इतकं थंड इंजिन डिझेल नीट जाळत नाही, लायनर लवकर झिजतात, आणि ओतीव लोखंड आतून गंजत राहतं. तुमच्या बोटीत अशी रचना असेल तर ब्लॉक बदलताना ती बदलाच. नाहीतर हा सगळा खर्च समुद्रात जाईल.

बंद चक्राचे दोन मार्ग आहेत. हीट एक्सचेंजरमध्ये नळ्यांच्या एका बाजूने कूलंट आणि दुसऱ्या बाजूने समुद्राचं पाणी फिरतं, दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. त्यासाठी समुद्राच्या पाण्याचा वेगळा पंप, गाळणी आणि जस्ताची कांडी लागते. कांडी अर्धी झिजली की बदला. दुसरा मार्ग कील कूलरचा. बोटीच्या तळाला बाहेरून पाइप बसवायचे आणि कूलंट त्यातून फिरवायचं. यात समुद्राचं पाणी इंजिन रूममध्ये येतच नाही, त्यामुळे गाळानं भरलेल्या खाड्यांत ये-जा करणाऱ्या बोटींसाठी मला हाच बरा वाटतो. मात्र पाइपांवर शिंपले चढले की इंजिन तापायला लागतं. बोट ओढली की ते खरवडा, आणि त्यांवर जाड रंग मारू नका.

एक्सचेंजर किंवा कील कूलरचं माप इंजिनाच्या हॉर्सपॉवरवर पुरवठादाराकडून ठरवून घ्या. जळलेल्या डिझेलच्या उष्णतेचा जवळपास पाव हिस्सा या पाण्यातून बाहेर जायचा असतो. ट्रकचा पंखा आणि रेडिएटर काढून टाका. चक्रात नळाचं पाणी नको. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी भरा, आणि हेडर टाकी इंजिनाच्या सगळ्यात उंच बिंदूच्या वर बसवा, म्हणजे हवा आत अडकणार नाही.

एक्झॉस्टमध्ये पाणी सोडत असाल तर ते पाणी जिथे मिसळतं तो भाग पाणरेषेपेक्षा पुरेसा उंच हवा. सुकी चिमणी असेल तर एक्झॉस्टच्या पाइपला उष्णतारोधक गुंडाळी करा आणि वर पावसाची टोपी लावा.

पहिल्यांदा चालू करताना

डिझेल बंद ठेवून सेल्फ मारत राहा. ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत इंजिन चालू करू नका. सेल्फला मधे मधे विश्रांती द्या. मग डिझेल लाइनमधली हवा काढा.

एअर इनलेटचं तोंड झाकेल एवढी जाड लाकडी फळी हाताशी ठेवा. पंपाचा रॅक (डिझेलची मात्रा ठरवणारी दांडी) अडकला तर इंजिन बंद होण्याऐवजी वेगाने पळत सुटतं. तेव्हा हवा बंद करणं हाच उपाय राहतो, आणि ती फळीने बंद करायची, तळहाताने किंवा कापडाने कधीच नाही.

अलाइनमेंटचं शेवटचं काम बोट पाण्यात उतरवून, एखादा दिवस तरंगू दिल्यावर करा. जमिनीवर टेकलेल्या बोटीचा आकार आणि तरंगणाऱ्या बोटीचा आकार थोडा वेगळा असतो. कपलिंगचे बोल्ट सैल करून दोन्ही चकत्यांमधली फट वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे फिलर गेजने मोजा. चार इंची कपलिंगला या मापांत चार थाउ, म्हणजे ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. जास्त असेल तर इंजिनाखालचे शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) बदलून पुन्हा मोजा. कंटाळा आणणारं काम आहे, पण गिअरबॉक्सचं सील आणि शाफ्टचं बेरिंग यावरच टिकतं.

समुद्रात चाचणी घेताना हळूहळू भार वाढवा. शेवटी पूर्ण थ्रॉटलवर इंजिन त्याच्या ठरलेल्या आरपीएमपर्यंत पोहोचलं पाहिजे. पोहोचत नसेल आणि काळा धूर येत असेल तर पंखा जड आहे, त्याचा पिच किंवा व्यास कमी करून घ्या. पहिल्या ५० तासांच्या आत ऑइल आणि फिल्टर बदला. जुना फिल्टर कापून कागदाच्या घड्या उघडून बघा. त्यात चमकणारा कीस दिसला तर पुढच्या फेरीला जाऊ नका. मॅन्युअल सांगत असेल तर हेडही पुन्हा आवळा.

पेट्रोल इंजिन असेल तर

अमेरिका-कॅनडात राहणाऱ्या मराठी वाचकांपैकी काहींकडे सरोवरावरच्या पेट्रोल बोटी असतात. तिथे ब्लॉक बहुधा थंडीने फुटतो, आत राहिलेलं पाणी गोठतं आणि लोखंड फाडतं. मर्क्रुझर या कंपनीच्या इंजिनांवर चालणाऱ्या अनेक बोटींत शेव्हरलेचा ३५० घनइंची व्ही-८ असतो, त्यामुळे मोटारीचा ब्लॉक सहज सापडतो. पण १९८६ पासून त्याचं मागचं क्रँक सील दोन तुकड्यांऐवजी एकसंध झालं, म्हणून ब्लॉक, क्रँक आणि फ्लायव्हील एकाच काळातले घ्या. जुन्या दोन इंजिनांच्या बोटींत एक इंजिन उलट फिरणारं असू शकतं, तेही आधी तपासा.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि बोटीच्या तळाशी साठते. म्हणून मोटारीचा सेल्फ, अल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर, कार्ब्युरेटर किंवा पेट्रोल पंप बोटीत लावणं म्हणजे स्फोटाला निमंत्रण. मरीनच्या भागांतून ठिणगी बाहेर पडत नाही आणि पेट्रोल बाहेर गळत नाही अशी त्यांची रचना असते. तेच भाग वापरा, फ्लेम अरेस्टर (हवेच्या तोंडातून ज्वाळा बाहेर येऊ न देणारी जाळी) लावा, आणि इंजिन चालू करण्याआधी ब्लोअर चार मिनिटं चालवा.

कागदपत्रं

बोटीच्या नोंदणीत इंजिनाचा तपशील असतो. ब्लॉकबरोबर नंबर बदलतो, म्हणून बोट समुद्रात नेण्याआधी मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात लेखी कळवून नोंद बदलून घ्या. विमा कंपनीलाही कळवा, नाहीतर अपघातानंतर नंबर जुळत नाही म्हणून दावा अडकतो. डिझेल परतावा घेत असाल तर तुमच्या मच्छीमार सहकारी संस्थेतही नवा नंबर द्या. ब्लॉकचं बिल, ट्रक रद्द झाल्याचा कागद आणि मशीन शॉपची पावती यांच्या प्रती बोटीवर प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवा आणि मूळ कागद घरी ठेवा.